मूळ फाईल आणलीय काय?

सातारा स्टँडवरून पहाटेची सांगलीची एसटी पकडली तेव्हा माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड होतं. २०२३चा मे महिना, लग्नसराई ऐन भरात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देणं हा माझा धंदा. तीन लग्नांचं फुटेज घरी पडून होतं आणि कॉम्प्युटरला डिस्प्ले येत नव्हता. कार्ड आपोआप बिघडलं नव्हतं. आदल्या रात्री मीच त्याचा बायोस बदलला होता.

कार्ड आरएक्स ५७०, आठ जीबीचं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने माईनिंग बंद केलं आणि कॉइन काढायला लावलेली कार्डं ढिगाने सेकंड हँड बाजारात आली, त्यांतलंच हे एक. घेतलं तेव्हापासून ते नीट चालत होतं. मला फक्त रेंडर लवकर व्हायला हवा होता.

कार्डावर आठ पायांची एक बारीक चिप असते, तिच्यात बायोसची फाईल. माझ्या कार्डाची फाईल जेमतेम २५६ केबीची, पण ग्राफिक्स चिपला किती व्होल्टेज द्यायचं, पंखा कधी वाढवायचा, मेमरीला दोन कामांच्या मध्ये किती उसंत द्यायची, सगळं तीच ठरवते. मेमरीच्या प्रत्येक वेगासाठी उसंतीच्या आकड्यांची वेगळी ओळ असते, तिला स्ट्रॅप म्हणतात. माईनिंगवाल्यांची युक्ती अशी, की १५०० मेगाहर्ट्झची ओळ उचलून १७५० आणि २०००च्या जागी डकवायची. वेग वरचा, उसंत खालच्या वेगाची. पंगतीतल्या वाढप्याला दोन पानांच्या मध्ये दमही घेऊ नकोस म्हणण्यासारखं आहे हे. पंगत लवकर उठते, पण आमटी पानाबाहेर सांडते.

कॉइन काढणाऱ्याला ती सांडलेली आमटी चालते. त्याचं एखादं उत्तर चुकलं तर ते नाकारलं जातं, पुढचं बरोबर येतं. माझ्या कामात चुकलेली फ्रेम तशीच फाईलमध्ये राहते. हा फरक मला आधी कळायला हवा होता; मी तीच युक्ती करून बसलो. बदललेला बायोस विंडोजचा ड्रायव्हर ओळखतो आणि कार्ड चालवत नाही. ती तपासणी बंद करणारा छोटा प्रोग्रॅमही मी चालवला. चाळीस मिनिटांच्या रेंडरमधली दोन मिनिटं वाचली. त्या आनंदात पूर्ण व्हिडिओ बघायला बसलो, तर अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोनी ठोकळे. तीन-चारच फ्रेम होत्या. पण त्या घरात तो क्षण पुन्हा येणार नव्हता, आणि तो व्हिडिओ मी न बघताच दिला असता तर?

इथे थांबून मूळ बायोस परत टाकायचा होता. मी मात्र इंटरनेटवरून त्याच मॉडेलची, कुणीतरी 'सुधारलेली' फाईल घेतली. फाईल कार्डाशी जुळत नाही, असा इशारा आला. जबरदस्तीने लिहायची सोय असते, ती वापरली. बाहेर वळवाचा पाऊस सुरू होता, लाईट दोनदा लुकलुकली आणि यूपीएस नव्हता. फाईल पूर्ण लिहिली गेली, पण रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळीच राहिली.

हा मोह आजचा नाही. २०१०च्या अखेरीस रेडिऑन ६९५० आलं, तेव्हा अनेकांनी बायोस बदलून त्याचं ६९७० करून घेतलं. २०१३मध्ये आर९ २९०ची काही कार्डं तशीच २९०एक्स झाली. तिथे चिपमधले चांगले भाग कंपनीने नुसते बंद ठेवलेले होते, म्हणून ते जमलं. आरएक्स ५७०च्या चिपमध्ये २०४८ छोटे प्रोसेसर उघडे असतात, ५८०मध्ये २३०४. ५७०वर ५८०चा बायोस मारला म्हणून वरचे २५६ जागे होत नाहीत. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांवर तर सही नसलेला बायोस चालतच नाही. जुन्या यशाच्या गोष्टी वाचून हात शिवशिवत असतील, तर त्या कुठल्या चिपच्या आहेत हे आधी बघा.

सांगलीत ओळखीतले एक काका चिप लेव्हलचं काम करतात. टॉवेल बघून आधी रागावले. सुती असो की प्लास्टिक, स्टॅटिकने कार्ड जाऊ शकतं. करड्या चंदेरी अँटी-स्टॅटिक पिशवीतूनच न्यायचं. मग विचारलं, "मूळ फाईल आणलीय काय?"

आणली होती. मी विश्वासाने पेनड्राइव्ह पुढे केला. त्यांनी फाईल उघडली, चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "पंधराशेची आणि साडेसतराशेची ओळ सारखीच कशी रे?"

तेव्हा उलगडा झाला. पहिला बायोस मारल्यावर 'खबरदारी म्हणून' मी पुन्हा बॅकअप घेतला होता, त्याच नावाने. मूळ फाईलवर बदललेली फाईल बसली होती. "ही टाकली तर डिस्प्ले येईल," काका म्हणाले, "पण तुझे हिरवे ठोकळेही येतील."

त्यांनी हीटसिंक काढला, वाळलेली पेस्ट पुसली आणि भिंग लावून मेमरीच्या आठ चिपांपैकी एकीवरची अक्षरं मला वाचायला लावली. के४जी८०३२५एफबी. ही सॅमसंगची. मी मारलेली फाईल मायक्रॉनच्या मेमरीसाठी होती. मॉडेल एक, डबा एक, पण कंपनी लॉटप्रमाणे मेमरी बदलते. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक कार्डाचा बायोस ते आधी काढून ठेवतात आणि वहीत मागच्या स्टिकरवरचा नंबर व मेमरीचं नाव लिहितात. वहीत माझ्याशी तंतोतंत जुळणारं एक कार्ड निघालं. प्रोसेसरमधूनच डिस्प्ले देणाऱ्या जुन्या पीसीत त्यांनी माझं कार्ड लावलं, कार्ड ओळखलं गेलं, फाईल लिहायला मिनिटही लागलं नाही. ओळखलं गेलं नसतं तर बायोसच्या चिपला थेट क्लिप लावावी लागली असती. ते घरी करू नका. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात आणि स्वस्तातले प्रोग्रॅमर त्यांना जास्त व्होल्टेज देऊन जाळतात.

तरीही कुणाला करायचंच असेल, तर बॅकअपच्या नावात तारीख घाला आणि तो त्या कॉम्प्युटरबाहेर दोन ठिकाणी ठेवा. दुसऱ्याची फाईल घेऊ नका, स्वतःचीच बदला. तुमच्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तर दुसरं एखादं जुनं कार्ड हाताशी असल्याशिवाय सुरुवातच करू नका. काही कार्डांवर दोन बायोस आणि बारीक स्विच असतो. तो आधी शोधा. पॉवर लिमिटला मात्र हात लावू नका. स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात आणि स्वस्त एसएमपीएसला मेच्या उन्हात तेवढेही जड जातात.

माझ्यासारख्याला खरं तर बायोसची गरजच नव्हती. कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज थोडं कमी केलं, पंखा वाढवला, पेस्ट नवी भरली. कार्ड थंड राहिलं आणि लांबच्या रेंडरमध्ये त्याचा वेग घसरेनासा झाला. ही सेटिंग चुकली तर पूर्ववत करता येते.

नवरीच्या वडिलांना व्हिडिओ तीन दिवस उशिरा दिला आणि कारणही सांगितलं. काकांनी टाकलेला बायोस आता दोन पेनड्राइव्हवर आहे, त्यांतला एक माझ्या टेबलाच्या खणात. सातारा-सांगलीकडे कुणाचं आठ जीबीचं आरएक्स ५७० अडकलं असेल, तर स्टिकरवरचा नंबर आणि मेमरीवरची अक्षरं लिहून आणा. जुळलं तर फाईल घेऊन जा.