शारीरिक शिक्षणाची पदवी : स्वरूप आणि उपयोग

मुलगा मैदानावर रमला म्हणजे अभ्यासात मागे पडणार, अशी समजूत अनेक घरांतून अद्यापही आढळते. याउलट, जो उत्तम खेळतो त्याला शारीरिक शिक्षणाची पदवी सहज मिळेल, असे काहींना वाटते. हे दोन्ही समज दूर होणे आवश्यक आहे. शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र विद्याशाखा असून तिचा पदवी अभ्यासक्रम शास्त्रीय पायावर उभा आहे.

परंपरा

व्यायामाचा पद्धतशीर विचार मराठी समाजाला नवा नाही. अमरावती येथे १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकराव यांनी तरुणांना व्यायामाचे शिस्तबद्ध शिक्षण दिले. मराठीतील दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' याच शहरातून प्रसिद्ध झाला. पुढे १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दी वर्षात, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, केंद्र सरकारने ग्वाल्हेर येथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. राणीची समाधी असलेल्या या नगरीतील त्या संस्थेस १९९५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

काय शिकावे लागते ?

या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया, क्रीडामानसशास्त्र, आहार, आरोग्यशिक्षण, योग, प्रथमोपचार आणि क्रीडास्पर्धांचे व्यवस्थापन हे विषय येतात. सकाळी मैदान आणि त्यानंतर वर्ग असा दिनक्रम असतो.

मैदानाची आखणी हाही अभ्यासाचाच भाग आहे. ४०० मीटरच्या धावपट्टीवर प्रत्येक मार्गिका १.२२ मीटर रुंद असते. बाहेरच्या मार्गिकेतील वळण मोठे असल्याने तेथील धावपटूस अधिक अंतर पडते. म्हणून एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेतील धावपटूस ७.०४ मीटर पुढून सोडतात. हा आकडा वर्तुळाच्या परिघाच्या गणितातून येतो. हे गणित चुकले तर शर्यतीचा निकालच अन्यायाचा ठरतो.

कोणती पदवी कशासाठी ?

पालकांची फसगत बहुधा याच ठिकाणी होते. बारावीनंतरची बी. पी. ई. एस. ही पदवी सामान्यतः तीन वर्षांची असते. बी. पी. एड. ही अध्यापनाची पदवी असून, २०१४ च्या नियमांनुसार ती पदवीनंतर दोन वर्षांत पूर्ण होते. माध्यमिक शाळेतील शारीरिक शिक्षकाच्या पदासाठी सर्वसाधारणपणे दुसऱ्या प्रकारची अर्हता मागितली जाते. हा भेद न जाणता तीन वर्षे खर्ची घालणाऱ्या विद्यार्थ्यास अर्ज भरतेवेळी निराश व्हावे लागते. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक होण्याचा मार्ग आणखी निराळा आहे. त्यासाठी पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रसिद्ध आहे.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. शिक्षक घडविणाऱ्या अभ्यासक्रमास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे काय. प्रवेशाच्या वेळी शारीरिक क्षमतेची कोणती चाचणी द्यावी लागेल. आणि ज्या पदाची इच्छा आहे त्याच्या जाहिरातीत कोणती अर्हता नमूद असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

शिक्षकांचे कर्तव्य

खेड्यातील मुलामुलींना ही माहिती बहुधा शिक्षकांकडूनच मिळू शकते. दहावी-बारावीच्या वर्गात खेळाची आवड आणि अभ्यासाची चिकाटी या दोन्ही गोष्टी ज्यांच्या अंगी दिसतील, त्यांना व त्यांच्या पालकांना वेळीच बोलावून हा मार्ग समजावून सांगावा. अनेक गावांत मैदान आहे, मुलेही आहेत. त्यांना शास्त्रशुद्ध शिकविणारा जाणकार मात्र सर्वत्र नाही. ती उणीव त्याच गावातील एखादा पदवीधर भरून काढू शकेल.