अंबाडीच्या भाजीत सोडा हवा का?

प्रश्न : ऋषिपंचमीला आमच्याकडे अंबाडीची भाजी आणि भाकरी असते. आंबटपणा जावा म्हणून मी चिमूटभर सोडा घालते. त्याने पाने लवकर शिजतात आणि सत्त्वही टिकते, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : सोड्याने आंबटपणा मरतो, हे खरे, सत्त्व मात्र टिकत नाही. क जीवनसत्त्व आणि थायमिन सोड्यामुळे उलट जास्त नष्ट होतात, पानांचा लगदा होतो आणि चवही साबणासारखी लागते. आंबटपणा हाच या भाजीचा स्वभाव. तो घालवायचा नसतो, आवरायचा असतो. त्यासाठी निवडलेली पाने उकळून पाणी पिळून टाकावे. आंबटपणा फारच आवडत असेल, तर थोडेच पिळावे.

तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवून घ्याव्यात. आंबटात डाळ नीट शिजत नाही; बहुतेक भाज्या इथेच बिघडतात. मग सारे एकत्र घोटून हिरवी मिरची, मीठ, हवा तर गुळाचा खडा घालावा आणि वरून भरपूर लसणाची, लाल मिरचीची फोडणी द्यावी. भाजी दाट झाली, तर गरम पाणी चालते. सोबत ज्वारीची भाकरी. शेगावच्या गजानन महाराजांच्या पुण्यतिथीला, म्हणजे ऋषिपंचमीलाच, भक्तांच्या घरी हाच बेत असतो.

भांडे स्टीलचे घ्यावे. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ नको. पानांत ऑक्झलेट असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी.