डेटा पोचला, असं कधी म्हणायचं?

वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटा पाइपलाइन तपासून देणं हा माझा व्यवसाय. त्यातल्या बऱ्याच अॅमेझॉनच्या कायनेसिस डेटा स्ट्रीम्सवर चालतात. २०१३ साली आलेली ही सेवा सुरू करायला फार सोपी आहे. प्रवाहाला नाव द्यायचं, क्षमता सांगायची, की थोड्या वेळात सेन्सर, अॅप, वेबसाइट जे काही असेल तिथून डेटा आत यायला लागतो. या सोपेपणामुळेच लोक तिच्या मूळ कल्पनांकडे दुर्लक्ष करतात. त्याची किंमत काय असते ते मी एका मालवाहतूक कंपनीत जवळून पाहिलं.

नाशिकची द्राक्षं न्हावा शेवा बंदरात नेणारे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर ही कंपनी चालवायची. प्रत्येक कंटेनरमधलं यंत्र दर काही सेकंदांनी ठिकाण आणि आतलं तापमान पाठवायचं. धुळवडीला जोडून आलेल्या सुट्टीनंतर एका निर्यातदाराने वाटेतल्या तापमानाची नोंद मागितली, तेव्हा मधले कित्येक तास कोरे असल्याचं कळलं. मला बोलावलं गेलं ते तेव्हा. तिथला तरुण अभियंता कळकळीने सांगत होता, "सर, डेटा गेलाय. लॉगमध्ये सक्सेस दिसतंय ना!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण डेटा प्रवाहात गेला आणि डेटा पोचला, या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर असतं.

आधी शार्ड समजून घ्या. शार्ड म्हणजे प्रवाहाचा एक भाग, टोलनाक्यावरच्या एका लेनसारखा. एका शार्डमधून सेकंदाला १ एमबी किंवा १,००० रेकॉर्ड आत येऊ शकतात आणि २ एमबी बाहेर वाचता येतात. कुठला रेकॉर्ड कुठल्या शार्डमध्ये जाणार हे पार्टिशन की ठरवते. रेकॉर्डसोबत पाठवलेल्या या कीचा एमडी५ हॅश काढून १२८ बिटांची संख्या मिळते आणि ती ज्या शार्डच्या पट्ट्यात बसेल तिथे रेकॉर्ड जातो. म्हणजे एका कीचे सगळे रेकॉर्ड एकाच शार्डमध्ये आणि आले त्या क्रमाने. या कंपनीने की म्हणून डेपोचं नाव दिलं होतं. डेपो मोजकेच, आणि हंगामात बहुतेक कंटेनर एकाच डेपोचे. संध्याकाळी गाड्या निघाल्या की एक शार्ड तुडुंब भरायचा आणि बाकीचे जवळजवळ रिकामे. रेकॉर्ड नाकारले जाऊ लागले तेव्हा त्यांनी शार्ड वाढवले. बिल वाढलं, अडचण तशीच राहिली, कारण शार्ड कितीही फोडले तरी एक की दोन शार्डांमध्ये विभागली जात नाही. २०२१ मध्ये आलेल्या ऑन-डिमांड पद्धतीत शार्ड मोजावे लागत नाहीत, पण एका कीची मर्यादा तिथेही तीच. उपाय साधा होता: की म्हणून कंटेनरचा क्रमांक. शेकडो कंटेनर सगळ्या शार्डांवर पसरतात आणि प्रत्येकाचा आपला क्रमही टिकतो. की निवडताना विचारायचा प्रश्न हाच, की मला नेमका कुणाचा क्रम हवाय? डेपोच्या सगळ्या गाड्यांचा एकत्र क्रम कुणालाच नको होता.

आता त्या लॉगमधल्या 'सक्सेस'कडे येतो. पुटरेकॉर्ड्स या कॉलने एका वेळी ५०० पर्यंत रेकॉर्ड पाठवता येतात. त्यातले काही नाकारले गेले तरी कॉल एकूण यशस्वी म्हणूनच परततो. किती फसले तो आकडा उत्तराच्या आत असतो. त्यांचा कोड फक्त एरर आली का एवढंच पाहत होता. नाकारलेले रेकॉर्ड पुन्हा पाठवायला कुणी नव्हतंच. हा आकडा प्रत्येक वेळी तपासा आणि फसलेलेच रेकॉर्ड थोडं थांबून परत पाठवा. परत पाठवताना त्यांचा क्रम मागेपुढे होतो आणि कधी तोच रेकॉर्ड दोनदा येतो, म्हणून यंत्राची वेळ आणि यंत्राने दिलेला अनुक्रमांक रेकॉर्डच्या आतच ठेवा. वाचणाऱ्या बाजूने त्यावरून दुबार नोंद ओळखायची.

पण नोंदीतले ते कोरे तास हरवले ते वाचणाऱ्या बाजूला. प्रवाहातला डेटा मूळ सेटिंगप्रमाणे २४ तासच टिकतो. वाचल्याने तो पुसला जात नाही आणि न वाचल्याने थांबतही नाही. सुट्टीत एका कंटेनरचं यंत्र बिघडलं आणि तापमानाच्या जागी भलतंच काही पाठवू लागलं. प्रवाह वाचणारं फंक्शन अॅमेझॉनच्याच लॅम्डा सेवेवर चालत होतं, ते त्या रेकॉर्डवर अडखळलं. लॅम्डाची मूळ वागणूक अशी, की फसलेला गठ्ठा तो रेकॉर्ड कालबाह्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचा आणि तोवर त्या शार्डमध्ये पुढे सरकायचं नाही. २४ तासांनी एक खराब रेकॉर्ड गळून पडायचा, पण मागच्या गठ्ठ्यात त्याच यंत्राचा दुसरा हजर. त्या शार्डमधल्या बाकी कंटेनरांचा चांगला डेटा रांगेत उभ्या-उभ्याच कालबाह्य होत गेला. इतर शार्ड सुरळीत असल्यामुळे नकाशावर बहुतेक गाड्या हलताना दिसत होत्या, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

हे टाळणारी सेटिंग्ज २०१९ पासून आहेत: किती वेळा प्रयत्न करायचे ते ठरवणं, फसलेला गठ्ठा अर्धा करत जाऊन नेमका खराब रेकॉर्ड शोधणं, आणि शेवटी त्याचा तपशील वेगळ्या रांगेत टाकून पुढे जाणं. मला विचाराल तर ही चालू केल्याशिवाय लॅम्डा प्रवाहाला जोडूच नये. आणि अलार्म एकच लावणार असाल तर इटरेटर एजवर लावा. वाचणारा आत्ता किती जुना रेकॉर्ड वाचतोय हे तो आकडा सांगतो. सरासरीत अडकलेला शार्ड लपतो, म्हणून कमाल आकडा पाहा.

वाचन अडकल्याचं कळलं की कोड दुरुस्त करायला बसण्याआधी रिटेन्शन, म्हणजे डेटा टिकण्याची मुदत, वाढवा. प्रवाहात अजून असलेला डेटा त्याने शाबूत राहतो. गेलेला परत येत नाही. आता ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येते. जादा पैसे पडतात, तरी इतक्या सुट्ट्या असलेल्या आपल्या देशात निदान ७ दिवस ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. शिवाय कच्च्या डेटाची एक प्रत अॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेत जाऊ द्या.

वाचणारे अनेक असतील तर शार्डचे ते २ एमबी त्यांच्यात वाटले जातात. प्रत्येकाला स्वतंत्र वेग हवा असेल तर एनहान्स्ड फॅन-आउट घ्यावा.

प्रवाहच बंद पडला तर काय, याचंही उत्तर तयार हवं. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात कायनेसिस बराच काळ कोलमडलं. क्षमता वाढवताना सर्व्हरमधल्या थ्रेडची संख्या ऑपरेटिंग सिस्टमच्या मर्यादेपलीकडे गेली, असं अॅमेझॉननेच नंतर सविस्तर लिहिलं. त्यांची कॉग्निटो ही लॉगिनची सेवा कायनेसिसला डेटा पाठवताना तो स्वतःकडे साठवून ठेवायची. खोळंबा लांबल्यावर त्या साठवणीच्या कोडमधला दोष उघड झाला आणि लॉगिनच अडकू लागलं. तेव्हा यंत्रात साठवण ठेवा, तिला आकाराची मर्यादा घाला, आणि ती भरली तरी मुख्य काम थांबणार नाही याची खात्री करा.

यातलं बहुतेक सगळं हंगामाआधी तपासता येतं. चाचणीच्या प्रवाहात मुद्दाम एक बिघडलेला रेकॉर्ड सोडा, एकाच कीवर मर्यादेपेक्षा जास्त डेटा पाठवा, वाचणारं फंक्शन शुक्रवारी संध्याकाळी बंद करा, आणि अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो ते पाहा.