आजीव गोल्ड, पण कुणाच्या आयुष्यापुरतं?

कामासाठी वर्षानुवर्षं मुंबई–अमेरिका ये-जा करणारी चार मराठी माणसं न्यू जर्सीत जेवायला जमली की आमटी-भात संपायच्या आत एक प्रश्न निघतोच: "तुमचे लाइफटाइम किती झाले?" पगार विचारला तर लोक कानकोंडे होतात, विमानप्रवासाचे हे मैल मात्र खुशाल सांगतात. औषध कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामांसाठी मी बरीच वर्षं ही वारी केली. युनायटेड एअरलाइन्सचे दहा लाख मैल पुरे होऊन आजीव 'गोल्ड' दर्जा मिळाला, त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यामुळे नवीन मुलं मलाच विचारतात, "ताई, याच्या मागे लागावं का?" हो की नाही, असं एका शब्दात सांगता येत नाही. जे सांगते ते असं.

१. मैलांचा हिशेब परतीच्या तिकिटांत करा.

'दहा लाख मैल' हा आकडा ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. मुंबई ते न्यूअर्क अंतर साधारण ७,८०० मैल, म्हणजे जाऊन-येऊन १५,६००. दहा लाखांना त्यानं भागा: चौसष्ट वाऱ्या. वर्षाला चार धरल्या तर सोळा वर्षं, आणि तीही एकही वर्ष न चुकता. मधे बाळंतपण येतं, प्रोजेक्ट युरोपात जातं, करोना येतो, साहेब बदलतो आणि नव्या साहेबाला सगळं व्हिडिओ कॉलवर उरकायचं असतं.

दुसऱ्या कंपन्यांचं मोजमाप वेगळं आहे. तिथे मी एकच बघते: एका वर्षाच्या दर्जाला जे लागतं, त्याच्या किती पट आजीव दर्जाला लागतं? ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासमध्ये पहिल्यांदा गोल्ड व्हायला वर्षात ७०० स्टेटस क्रेडिट लागतात आणि आजीव गोल्डला १४,०००, म्हणजे वीस पट. ब्रिटिश एअरवेजनं एप्रिल २०२५पासून अंतर आणि वर्ग सोडून खर्चावर गुण द्यायला सुरुवात केली. आता तिथे वर्षाच्या गोल्डला २०,००० गुण लागतात, आजीवला साडेपाच लाख. म्हणजे साडेसत्तावीस वर्षं गोल्ड राहाल एवढा खर्च. तिशीत सुरुवात केली तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर कार्ड हातात पडणार.

२. मोजतात काय, हे तिकीट काढण्याआधी वाचा.

युनायटेडच्या आजीव हिशेबात फक्त युनायटेडनं स्वतः उडवलेल्या विमानातलं अंतर धरतात. तिकिटावर 'यूए'नं सुरू होणारा क्रमांक असला तरी खाली बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय लुफ्थान्सा' लिहिलेलं असेल, तर त्या प्रवासाचे वापरण्याजोगे मैल मिळतील, वर्षाच्या दर्जाला हातभार लागेल, पण आजीव खात्यात शून्य. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूअर्क अशी दोन तिकिटं शेजारी ठेवली तर किंमत एक, वेळ एक, आणि एकात अर्धा प्रवास गायब. आमच्या ट्रॅव्हल डेस्कवरच्या मुलाला हे समजावताना माझा घसा बसायचा. त्याचंही बरोबर होतं, त्याला स्वस्त तिकीट काढायचे पैसे मिळत होते.

यात एक गोष्ट मात्र प्रवाशाच्या बाजूची आहे. वर्षाचा दर्जा आता बहुतेक ठिकाणी खर्चावर मिळतो, पण युनायटेडचे आजीव मैल अजून अंतरावरच मोजतात. बिझनेस क्लासमध्ये झोपून गेलेला आणि शेवटच्या रांगेत गुडघे आखडून बसलेला, दोघांचे ७,८०० सारखेच. कंपनीच्या खर्चानं इकॉनॉमीत जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हाच काय तो दिलासा.

आणि मार्ग कायमचा धरून चालू नका. मार्च २०२२मध्ये युनायटेडनं मुंबई–न्यूअर्क थेट विमान थांबवलं. रशियाच्या आकाशातून जाता येईना, वळसा घालून परवडेना. दिल्ली–न्यूअर्क चालू राहिलं, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला आधी दिल्ली गाठणं आलं, आणि तो तुकडा दुसऱ्याच कंपनीच्या विमानात. आकडा जवळ आलेल्या अनेकांचं वेळापत्रक त्या महिन्यात कोलमडलं.

नियमही बदलतात. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ३० नोव्हेंबर २०११पर्यंत क्रेडिट कार्डावर मिळवलेले मैलही मिलियनच्या हिशेबात धरत. लोक किराणा आणि मुलांच्या फिया कार्डावर भरून आजीव गोल्ड झाले. १ डिसेंबरपासून ते दार बंद झालं.

३. आयुष्य तुमचं नाही, कंपनीचं धरतात.

पॅन अॅम १९९१मध्ये गेली. ऑस्ट्रेलियाची अॅनसेट २००१मध्ये बसली. आपल्याकडे किंगफिशरचं शेवटचं विमान २०१२मध्ये उतरलं आणि 'किंग क्लब'चं कार्ड पाकिटातली जागा अडवायला उरलं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९च्या रात्री थांबली. तिथे गंमत अशी झाली की जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे मैल वाचले, पुढे त्यांना 'इंटरमाइल्स' असं नवं नावही मिळालं. पण प्लॅटिनम कार्डाचा मान कुठे घ्यायचा? ज्या काउंटरवर मान मिळायचा तो काउंटरच नव्हता. मैल हे चलन आहे, कुठेतरी वटवता येतं. दर्जा हा त्या एका घरातला मान आहे, घर गेलं की गेला.

घर उभं राहिलं तरी मान तसाच राहील असं नाही. युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल २०१०मध्ये एकत्र आल्या आणि २०१२पासून दोघांची योजना एक झाली. जुन्या युनायटेडच्या दहा लाखवाल्यांना तीन पायऱ्यांतली मधली, 'प्रीमियर एक्झिक्युटिव्ह', आयुष्यभरासाठी होती. नव्या रचनेत पायऱ्या चार झाल्या आणि ही मंडळी दुसऱ्या पायरीवर, गोल्डवर आली. खाली कुणी ढकललं नाही, डोक्यावर एक जिना वाढवला. एक प्रवासी यावरून कोर्टात गेला. २०१४मध्ये शिकागोच्या फेडरल अपील कोर्टानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला.

रोख पैसे मोजलेल्यांचाही अनुभव फार वेगळा नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१मध्ये अडीच लाख डॉलरना आयुष्यभर अमर्याद पहिल्या वर्गाचा 'एअरपास' विकायला काढला. त्यातल्या काही धारकांचे पास २००८मध्ये गैरवापराचं कारण देऊन रद्द झाले. आधी पैसे मोजलेत म्हणून कंपनीचे हात बांधले गेले, असं कुणी समजू नये.

४. तिकिटाचे पैसे कुणी भरले?

माझ्या मते सगळा निकाल या एका प्रश्नावर आहे. मालकानं किंवा क्लायंटनं भरले असतील तर आजीव दर्जा ही नोकरीची वरकमाई आहे, दारात आलेली परतवू नका. स्वतः भरत असाल तर दर वेळी दोन-पाच हजार जास्त देऊन 'आपल्याच' कंपनीचं तिकीट काढण्याचा खर्च सोळा वर्षं मांडून बघा. तेवढ्या पैशांत प्रत्येक प्रवासाला पुढची ऐसपैस सीट आणि जादा बॅग रोखीनं विकत घेऊन वर काही उरेल.

५. फायद्यांची यादी मोठी असते, वापरात दोन-तीनच येतात.

अपग्रेडचं स्वप्न आधी सोडा. न्यूअर्कहून सोमवारी सकाळी शिकागोला जाणाऱ्या विमानात जागा संपल्या तरी गोल्डच्या आधीचे प्लॅटिनम, वन-के आणि त्यांच्याही वरचे संपलेले नसतात. गेटवर 'ग्रुप वन' पुकारला की अर्धं गेट उठतं. लग्नात पहिल्या पंगतीला सगळेच व्याही निघाले, तशी ती रांग.

लाउंजची तर कथाच आहे. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सभासदाला अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना युनायटेडच्याच क्लबमध्ये या कार्डावर प्रवेश नाही. युनायटेड ज्या गटात आहे त्या स्टार अलायन्समधल्या दुसऱ्या कंपनीचा गोल्ड मात्र त्याच विमानाला, त्याच दारानं आत जातो. शेजारी एअर इंडियाचं कार्ड दाखवून आत कॉफी पिणारा आणि बाहेर खुर्चीवर मी, हा प्रकार घडलाय. परदेशी प्रवास असला की मलाही आत घेतात, तेवढं खरं.

मग उरतं काय? सामान. याला हसू नका. साध्या इकॉनॉमीत बॅग २३ किलोची, गोल्डला ३२ची. या नऊ किलोंचं मोल निघायच्या आदल्या रात्री कळतं. आमच्या घरी हुकाचा वजनकाटा सासूबाईंच्या ताब्यात असतो. बॅग उचलायचं काम नवऱ्याचं, आकडा वाचायचं त्यांचं. पूर्वी काटा २३.८ दाखवायचा आणि भाजणीची पिशवी बाहेर यायची. मग मेतकूट की गोडा मसाला यावर सुनावणी व्हायची. कैरीचं लोणचं तीन पिशव्यांत आणि वर माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं असायचं, ते काढायला कुणी तयार नसे. शेवटी माझी पुस्तकं निघायची. गोल्ड झाल्यापासून पुस्तकं जातात, आणि सासूबाई "अजून सहा किलो आहेत गं" म्हणत शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या लेकीसाठी आलेलं पार्सलही भरतात.

दुसरा खरा फायदा विमान रद्द झाल्यावर कळतो. बर्फाच्या वादळात शंभर जणांची रांग एका काउंटरपुढे लागते, तेव्हा वेगळ्या फोन नंबरवर पटकन माणूस भेटणं आणि पुढच्या विमानाच्या यादीत नाव वर असणं, याला किंमत आहे. पण असे प्रसंग वर्षात किती, हे ज्याचं त्यानं बघावं.

६. घरातल्या दुसऱ्या माणसाला काय मिळतं ते विचारा.

युनायटेडमध्ये दहा लाखवाल्याच्या जोडीदाराला तोच दर्जा मिळतो. माझ्या लेखी हे कलम बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचं आहे. आमच्याकडे मैल मी मोजले आणि गोल्ड हे झाले. ह्यांनी उभ्या आयुष्यात कामासाठी विमान धरलेलं नाही, कारखाना चाकणला. पण चेक-इनच्या छोट्या रांगेत उभं राहताना चेहऱ्यावर जो भाव असतो तो मला अजून जमलेला नाही. मित्रांत "आम्ही गोल्ड" असं अनेकवचन वापरतात. मी एकटी भारत–अमेरिका करत असताना मुलांच्या शाळा, आईची औषधं, गॅसचा नंबर लावणं हे सगळं ज्यानं सांभाळलं, त्याला यातला अर्धा वाटा आपोआप मिळतो, ही एकच गोष्ट या योजनांत मला माणुसकीला धरून वाटली. सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, म्हणून आधी विचारा.

७. दहा लाख झाल्यावर निष्ठा संपते, आणि ते बरंच आहे.

वर्षाचा दर्जा डिसेंबर आला की छळतो. अजून एक फेरी, नाहीतर जानेवारीत कार्ड उतरेल. आजीव दर्जाला तो धाक नाही. मला आता युनायटेडनं उडायची गरज उरलेली नाही. गोल्ड हा स्टार अलायन्सचा असल्यामुळे एअर इंडियानं गेलं तरी लाउंज आणि जादा बॅग मिळते. २०२३मध्ये त्यांचं मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान सुरू झालं तेव्हा मी त्यात बिनदिक्कत बसले. त्या प्रवासाचा आजीव खात्यात एक मैलही पडणार नव्हता, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. उलट आखाती कंपनीचं तिकीट खूपच स्वस्त असेल तर कार्ड विसरून तेही काढते. मिळवताना जी बांधिलकी पाळावी लागली ती मिळाल्यावर सुटली. वीस लाखांवर प्लॅटिनम आहे हे मला माहीत आहे. तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

८. शेवटच्या टप्प्याचा मोह.

गेल्या हिवाळ्यात एडिसनला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. नऊ लाख ऐंशी हजारांवर अडकलाय, आणि त्याची कंपनी आता कुणालाच कुठे पाठवत नाही. नुसतं मैलांसाठी सिंगापूरला जाऊन त्याच विमानानं परत यावं का? याला 'माइलेज रन' म्हणतात आणि लोक खरंच करतात. मी विचारलं, वर्षातून आईला भेटायला पुण्याला येतोस ना? येतो. कशानं? दुबईमार्गे, स्वस्त पडतं म्हणून. म्हटलं, मग सिंगापूर कशाला? पुढच्या दोन खेपा युनायटेडच्या दिल्ली विमानानं ये. फरक पडेल तो तिकिटातला आणि दिल्लीहून पुण्याला येण्यातला, आणि दोन्ही वेळा आई भेटेल.

पाच लाखांवर असलेल्या, पस्तिशीतल्या एका मुलीला मात्र मी उलटं सांगितलं. तिनं नुकतीच नोकरी बदलली आहे, नव्या कामात प्रवास नाही. तिचे पाच लाख कुठे जात नाहीत, खात्यात पडून राहतील, पण त्यांच्यासाठी स्वतःच्या खिशातून एक रुपयाही घालू नकोस म्हटलं. ती जरा हिरमुसली. मग तिनंच सांगितलं की मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोकणात जायचंय, आणि तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत.