माळावरचं पिवळं गवत आणि मेंढीचं पोट

माळशिरस तालुक्यात हिवाळा दोन रंगांचा असतो. नीरा उजव्या कालव्याच्या अंगाला, अकलूज-माळीनगरकडे ऊसतोड जोरात असते आणि वाढ्यांच्या मोळ्या रस्त्याकडेला विकायला लागलेल्या असतात. पिलीवकडून माण-सांगोल्याच्या हद्दीकडे वळलं की मात्र सगळा माळ पिवळाधमक. परतीचा पाऊस थांबल्यावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं बी धरतात, वाळतात आणि मृगापर्यंत तशीच उभी राहतात. मेंढपाळाला वाटतं, चारा आहे की अजून! गवत आहे हे खरं, पण त्याला चारा म्हणावं का, हा प्रश्न आहे.

फुलोऱ्यात असताना या गवतांत सात-आठ टक्के प्रथिनं असतात. पौषापर्यंत ती तीन-चार टक्क्यांवर येतात. मेंढीच्या कोठीपोटातल्या जिवाणूंना काम करायला साधारण सात टक्के तरी लागतात. ती मिळाली नाहीत की गवत पचायला वेळ लागतो, पोटात साठून राहतं आणि मेंढी पुढचं खाणंच कमी करते. म्हणून संध्याकाळी वाड्यावर आलेल्या मेंढीचं पोट टच्च दिसतं, पण लोकर बाजूला सारून पाठीवर बोटं फिरवली तर मणक्याची टोकं एकेक करून हाताला लागतात. दर पंधरवड्याला पाच-सहा मेंढ्यांची पाठ अशी चाचपावी. नुसत्या नजरेवर जाऊ नये, लोकर फसवते.

यावरचा इलाज गवत वाढवण्यात नाही, गवतासोबत थोडं प्रथिन देण्यात आहे. तुरीचं भुसकट, भुईमुगाचा पाला, शेवरी, बोरीचा पाला यांपैकी जे जवळ असेल ते संध्याकाळी गव्हाणीत टाकावं. सुबाभूळही चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. गाभण मेंढीला शेवटचे दीड महिने आणि व्यायल्यावर दूध चालू असेपर्यंत रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम पेंडमिश्रित खुराक द्यावा. कोकराची बहुतेक वाढ याच शेवटच्या दीड महिन्यात होते. शेजारच्या फलटणमध्ये निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. तशा मेंढ्या कळपात असतील तर खुराकात काटकसर करून चालणारच नाही. दोन कोकरं पोटात वाढवून वाळलेल्या कुसळीवर कोण तगणार?

आपलं अंजन गवत ऑस्ट्रेलियात ‘बफेल’ नावाने लाखो एकरांवर पसरलं आहे. कोरड्या हंगामात त्याची गतही अशीच होते आणि तिथले पशुपालक जनावरांना युरिया मिसळलेलं चाटण देतात. आपल्याकडे युरिया-मळी-खनिजांच्या चाटणविटा मिळतात. त्या सहा महिन्यांवरच्या मेंढ्यांनाच, पोट भरलेलं असताना आणि सवय लावत द्याव्यात. युरिया पाण्यात कालवून पाजण्याचा प्रयोग कुणीही करू नये, मेंढी तासाभरात जाते.

वाढी स्वस्त, म्हणून मेंढ्या त्यांच्यावरच काढण्याचा मोह होतो. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून ठेवतं. वाढी कुट्टी करून, भुसकटात मिसळून आणि खनिज मिश्रणासोबतच द्यावीत.

हिरवं दिसलं की कळप तिकडे धावतो, तेव्हा दोन ठिकाणी सांभाळावं. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर फुटणारे तिचे फुटवे यांनी किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. दुसरं ठिकाण कालव्याचा ओला काठ. तिथल्या गोगलगायींमधून यकृतातल्या चपट्या कृमींचा प्रसार होतो. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज दिसली तर लेंड्यांची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध पाजावं. सकाळी दव असताना जंतांची पिल्लं गवताच्या पात्यांवर चढलेली असतात. ऊन चढून पाती कोरडी झाल्यावरच वाघर उघडावी.

आता माळाविषयी. माळाचे निदान चार भाग करावेत आणि एक भाग चारून झाल्यावरच दुसऱ्यात शिरावं. कुसळीचा भाग कुसळं झडेपर्यंत टाळावा. ती लोकरीतून कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात. वाळलेलं गवत चारल्याने ठोंब मरत नाही, त्याची ताकद मुळांत गेलेली असते. पण टाचेपर्यंत खरवडलं तर जमीन उघडी पडते आणि वळवाचा पहिलाच फटकारा माती घेऊन जातो. चार-पाच बोटं खुंट राहिलाच पाहिजे. ‘जाळलं की चांगलं फुटतं’ या समजुतीने माळ पेटवणाऱ्यांना काय म्हणावं! जमिनीवर पडलेलं मारवेलचं बी त्यातच जळतं.

एखादा भाग अगदीच विरळ झाला असेल तर पुढच्या पावसाळ्यात तिथे ‘फुले मारवेल ०६-४०’ची ठोंबं आणि मधल्या ओळींत स्टायलो लावावा. स्टायलो द्विदल असल्याने पुढच्या हिवाळ्यात पेंडीचा खर्च थोडा हलका होतो. ठोंबांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे, तर मेंढ्यांविषयी सांगोला तालुक्यातल्या महूदच्या मेंढी-शेळी महामंडळाच्या प्रक्षेत्रावर चौकशी करता येईल. लावलेल्या भागात पहिल्या पावसाळ्यात मेंढी अजिबात सोडू नये. बाकीच्या माळालाही पहिल्या पावसानंतर सहा ते आठ आठवडे विश्रांती द्यावी, आणि तेवढ्या दिवसांचं भुसकट आत्ताच वेगळं काढून झाकून ठेवावं.