चोर सातासमुद्रापार, हात आपल्या गावचे

चोर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अंधारी रात्र, भिंतीस पाडलेले भगदाड आणि परसातून पळणारी सावली उभी राहते. अशा चोराची धाव फार तर शेजारच्या तालुक्यापर्यंत. परंतु सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातील एका बँकेवर जो दरोडा पडला, त्यात भिंत फुटली नाही की कुलूप तुटले नाही. तरीही तीन दिवसांच्या आत ९४ कोटी ४२ लाख रुपये नाहीसे झाले. ही बँक म्हणजे १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक. माल, पैसा व निरोप यांची जगभर जी सुलभ ये-जा सुरू झाली, तिला आपण जागतिकीकरण म्हणतो. त्याच वाटेने चोरही कसा ये-जा करतो, ते या प्रकरणावरून आपणांस पाहावयाचे आहे.

सरहद्दीचा आश्रय घेण्याची युक्ती तशी नवी नव्हे. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि गोदावरीपलीकडचा अहमदनगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. नदी उतरली की पोलीस निराळे, न्यायालय निराळे! ठगांच्या व दरोडेखोरांच्या टोळ्या एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात दिसेनाशा होत. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारास स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ठगांच्या बंदोबस्ताचे स्वतंत्र खाते काढावे लागले व त्याचा अंमल संस्थानांतही चालवावा लागला. मात्र त्या काळच्या दरोडेखोरास नदी स्वतः उतरावी लागे. आजच्यास जागचे उठावेही लागत नाही.

आता पुण्याचा दरोडा कसा पडला ते पाहू. एटीएम यंत्राला स्वतःचे ज्ञान काहीच नसते. कार्ड आत सरकविताच ते बँकेस विचारते, ‘या गृहस्थास इतके रुपये द्यावे काय?’ ही विचारणा बँकेच्या एका मधल्या संगणकाकडे जाते. त्यास ‘स्विच’ म्हणतात. तो मुख्य हिशेब पाहवून घेतो आणि होय किंवा नाही असे उत्तर धाडतो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरवून या स्विचच्या जागी एक तोतया उभा केला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया प्रकटला होता व १७७६ साली त्यास देहदंड झाला, हे आमच्या वाचकांनी इतिहासात वाचले असेल; त्या बिचाऱ्याला निदान चेहरा दाखवून लोकांची खात्री पटवावी लागली. या तोतयास तेवढेही कष्ट नव्हते. विचारणा मुख्य हिशेबापर्यंत पोचूच न देता तो आपला बिनदिक्कत ‘होय’ म्हणत राहिला.

दिवसही कसा निवडला पाहा. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा. दुसरा दिवस रविवार. त्या शनिवारी बँकेच्या खऱ्या ग्राहकांच्या कार्डांवरून बनविलेली खोटी कार्डे हातात घेतलेली माणसे २८ देशांतील एटीएम यंत्रांपुढे उभी राहिली. अवघ्या काही तासांत बारा हजारांहून अधिक व्यवहार होऊन सुमारे ७८ कोटी रुपये परदेशांत निघाले. हिंदुस्थानातही सुमारे अडीच कोटी निघाले, आणि त्यांपैकी बरीच रक्कम कोल्हापुरासारख्या आपल्या शहरांतून. सोमवारी, १३ तारखेस, बँकेचेच नाव पुढे करून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँकेत एका व्यापारी कंपनीच्या नावे पाठविण्यात आले. खातेदारांच्या खात्यांतून मात्र एक पैसाही वजा झाला नाही. सारा भार बँकेवर पडला.

या कटाचे डोके कोठे होते? संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ साली आपल्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. त्या देशाने असे आरोप नेहमीच नाकारलेले आहेत. २०२१ साली अमेरिकेने जगभरच्या बँकांवरील अशा चोऱ्यांबद्दल उत्तर कोरियाच्या लष्करी हेरखात्यातील तिघांवर आरोप ठेवले; आणि एटीएममधून लुटलेला पैसा पचवून देणाऱ्या कॅनडातील एका इसमास त्याच वर्षी ११ वर्षे ८ महिन्यांची कैद झाली.

डोके इतके दूर. मग हात कोणाचे? येथे आम्हांस खेदाने लिहावे लागते की, पुणे पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांत आमच्या या छत्रपती संभाजीनगरचे तरुणही होते. ते शहर त्या वेळी औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. हे तरुण कोणी संगणकपंडित नव्हते. खोटे कार्ड घ्यावयाचे, यंत्रापुढे उभे राहावयाचे, नोटा मोजून वरच्या माणसाकडे पोचवावयाच्या, एवढेच यंत्रापुढच्या माणसाचे काम. वरच्या माणसाच्या वर कोण, हे त्यांतील बहुतेकांस ठाऊकही नसावे. परंतु एटीएमच्या खोलीत छायाचित्रयंत्र असते, आणि त्यात चेहरा उमटतो तो याच माणसाचा. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांस दोषी ठरवून शिक्षा दिली. अमेरिकेने ज्या तिघांवर आरोप ठेवले, ते मात्र कोणत्याही न्यायासनापुढे उभे राहिलेले नाहीत.

पोलिसांचा कायदा सरहद्दीशी थांबतो, हे याचे कारण. इंटरपोल ही संस्था १९२३ पासून आहे व हिंदुस्थान १९४९ पासून तिचा सभासद आहे; परंतु तिचा शिपाई परक्या मुलखात जाऊन कोणाच्या हाती बेड्या घालू शकत नाही, ती फक्त निरोप पोचविते. राष्ट्राराष्ट्रांतील संघटित गुन्हेगारीविरुद्धचा करार २००० साली झाला व आपल्या देशाने तो २०११ साली मान्य केला. संगणकीय गुन्ह्यांविषयीच्या स्वतंत्र करारास संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. चोर काही तासांत २८ देश फिरला. राष्ट्रांना एकत्र बसावयास इतकी वर्षे लागली!

पालकांस एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. आता खोट्या कार्डाऐवजी खरे खातेच मागितले जाते. नुकताच शाळा सोडलेला मुलगा काम शोधीत असतो. कोणी ओळखीचा म्हणतो, ‘तुझे बँकेतले खाते व मोबाईलचे सिमकार्ड महिनाभर मला दे, थोडे पैसे मिळतील.’ ते खाते मग फसवणुकीचा पैसा परदेशी नेण्याचा पूल बनते, आणि कागदोपत्री नाव राहते त्या मुलाचे. त्यास आपण काही चोरले असे वाटतही नाही. तेव्हा घरातील मुलाच्या खात्यात अनोळखी रक्कम येऊन लगेच निघून गेलेली दिसली, तर त्यास शेजारी बसवून शांतपणे विचारावे. रागावल्यास तो सांगावयाचा नाही.

आणि आपलीच रक्कम गेली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथून पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेस तो अडविण्याची सूचना जाते. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी पाच कोटींहून अधिक रुपये पुण्यास परत आले, ते तेथील बँकेने वेळीच अडवून धरले म्हणून. एटीएममधून नोटांच्या रूपाने निघालेला पैसा तसा अडविता येत नाही.