मरीआई, पाणी आणि सूक्ष्मदर्शक



पटकीचे नाव काढले तरी आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर काटा येत असे. सकाळी शेतावर गेलेला गडी रात्रीपर्यंत दगावला, अशा हकीकती जुन्या माणसांकडून घरोघर ऐकावयास मिळत. जुलाब-वांत्यांनी अंगातले पाणी निघून जाई, डोळे खोल जात, हातपाय गार पडत. हे का घडते ते कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून लोकांनी 'का' हा प्रश्न सोडला आणि 'कोण कोपले?' असे विचारले. उत्तर तयारच होते : मरीआई. मग रेडा कापा, पोतराजाला आसूड ओढायला लावा, मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे लोटा. पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा! आणि या देवीची सेवा गावाने बहुधा आपल्याच लोकांच्या गळ्यात बांधलेली होती.

पण अज्ञान फक्त आपल्या वाड्यात होते असे कोणी समजू नये. त्याच काळी लंडनमधील शिकलेसवरलेले डॉक्टर पटकी घाणेरड्या हवेमुळे होते असे मानीत. १८५४ साली तेथील सोहो भागात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली. जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर चौकशी केली आणि मृत्यू नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती ते दाटलेले दिसले. जवळच बिअरच्या कारखान्यातील कामगार मात्र धडधाकट होते. त्यांना कारखान्याची बिअर मिळे, ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती हेही खरे.

मला स्वतःला त्याचा दुसरा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. लंडनच्या एकाच भागात दोन कंपन्या पाणी पुरवीत. एक शहराची घाण मिसळलेल्या ठिकाणचे थेम्स नदीचे पाणी घेई, दुसरी नदीच्या वरच्या अंगाचे. एकाच गल्लीत शेजारच्या दोन घरांना दोन कंपन्यांचे पाणी असे. दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या ग्राहकांत ३७. हवा एकच, पाणी मात्र वेगळे! स्नोपाशी होते ते फक्त पाय, वही आणि बेरीज-वजाबाकी. इयत्ता चौथीच्या मुलालाही हा हिशेब समजतो.

त्याच वर्षी इटलीत पाचिनी याने पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पण जगाने लक्ष दिले नाही. पुढे १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आला. रोग्यांच्या आतड्यांत आणि नंतर तेथील एका तळ्याच्या पाण्यात त्याला तोच जंतू सापडला. तो स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे चारशे-पाचशे जंतू एकापुढे एक सहज मावतील. भिंगाखाली तो जसा ब्राह्मणाला दिसतो तसाच बौद्धाला दिसतो.

आता महाडकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मग सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून १०८ घड्यांत त्याचे पाणी काढले, त्यांत दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळले आणि मंत्रोच्चारात ते घडे पुन्हा तळ्यात बुडवले. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध झाले आणि शेणाने शुद्ध! जंतूचा शोध लागून तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. म्हणजे भिंग निघाले तरी मन आपोआप धुतले जात नाही. परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवंतांनी कालामांना सांगितले ते यासाठीच.

जंतू सापडला तरी माणसे मरतच राहिली. जंतू स्वतः नव्हे, त्याने सोडलेले विष आतड्यातून पाणी ओढून काढते, हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. आतडे अशाही स्थितीत साखरेबरोबर मीठ आणि पाणी शोषून घेऊ शकते, हेही पुढे समजले. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. वाचविणारे हात बहुतेक आई-बहिणींचेच होते.

ते पाणी कोणत्याही घरात करता येते. आरोग्य केंद्रातील पुडी हाताशी असेल तर तीच वापरावी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. माप चुकू देऊ नये. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून टाकावे आणि नवे करावे. रोग्याला घोटघोट पाजावे. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये, आणि मूल मलूल दिसू लागले की पाणी पाजीत पाजीतच त्याला दवाखान्याकडे न्यावे.